हरकतीची पाच मिनिटं

नाटे गावच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या दर्शनाचं बाळ जेमतेम सहा महिन्यांचं होतं. तरी रत्नागिरीला अर्थशास्त्राची प्रश्नमंजूषा आहे म्हटल्यावर ती बाळ आणि सासूबाई, दोघांनाही घेऊन एसटीत बसली. कारण अकरावीतली दिशा. बाप होडीवर, आई बंदरावर मासे विकणारी. माशांच्या भावाचे चढउतार पोरीच्या कानावर जन्मापासून पडलेले. पुस्तकातला कुठलाही नियम शिकवा, ती त्याला बांगड्याचं नाहीतर हापूसचं उदाहरण चिकटवणारच. पहिला नंबर आला तर पुण्याच्या फेरीला जायला मिळणार होतं. दिशाने पुणं अजून पाहिलं नव्हतं.

शेवटच्या प्रश्नापर्यंत ती पहिल्या नंबरासाठी बरोबरीत होती. प्रश्न आला : जूनमध्ये पापलेटचा भाव दुप्पट झाला, तर बाजारातला पुरवठा वाढेल का?

"नाही," दिशा म्हणाली. "जूनमध्ये मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर, माडाच्या झापांखाली झाकलेल्या. भाव चौपट झाला तरी मासा येणार कुठून?"

सभागृहात हसू फुटलं. परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. भाव वाढला की पुरवठा वाढतो, असं छापील उत्तर होतं. चूक, म्हणाले. हरकत असेल तर शिक्षकांनी पाच मिनिटांत नोंदवावी, असंही म्हणाले.

दिशाने मागे वळून दर्शनाकडे पाहिलं. आता मॅडम बोलणार, याची पुरती खात्री असल्यासारखं.

दर्शना उठलीही. पण परीक्षक म्हणजे तिला बी.ए.ला शिकवायला होते तेच सर. एवढ्या लोकांत त्यांचं चुकलं म्हणायचं कसं? ओढणी सावरत ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात बाळ रडलं. सासूबाईंच्या खांद्यावर ते मधूनमधून रडायचंच, थोपटलं की गप्पही व्हायचं. हे ठाऊक असून ती बाहेर गेली. बाळाला पाजताना तिला हलकं वाटलं, आणि ते नुसतं दूध उतरल्यामुळे नव्हतं, हे तिचं तिला कळलं.

आत आली तेव्हा बक्षिसं वाटणं चालू होतं.

परतताना दिशाने बाळाला मांडीवर घेतलं, खिडकीतून खाडी दाखवली, त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. अर्धी वाट सरली तेव्हा कुठे दर्शना बोलली.

"तुझंच बरोबर होतं गं."

"माहीत आहे, मॅडम," दिशा म्हणाली. "हळू बोला, झोपलाय तो."

पुढच्या महिन्यात चाचणी झाली. दुपारी बाळाला पाळण्यात घालून दर्शना पेपर तपासायला बसली. मागणी आणि पुरवठा, उदाहरणासह स्पष्ट करा. दिशाने पेनांच्या कारखान्याचं उदाहरण लिहिलं होतं, पुस्तकातलं, शब्दन् शब्द तसंच. दर्शनाने पानं पुढेमागे उलटून पाहिली. बांगडा नव्हता, हापूस नव्हता.

मार्क कापायला जागा कुठेच नव्हती. तिने पाचपैकी पाच दिले.