निरोगी गटातले शेवटचे

तिने वडिलांच्या डोळ्यांवर तपासणीचा काळा चष्मा चढवला आणि मागचा पट्टा ओढला. त्यांनी लगेच हात मागे नेऊन तो सैल केला.

"बाबा, हात लावू नका."

"घट्ट होतोय."

"घट्टच लागतो. आत कॅमेरा आहे."

सांगितलेलं न ऐकण्याची ही त्यांची तिसरी वेळ होती. सकाळी चहा घेऊ नका म्हणून तिने आदल्या दिवशी दोनदा फोन केला होता; ते दोन कप पिऊन आले, म्हणून सकाळची तपासणी दुपारवर गेली. कानात काही घालू नका असंही बजावलं होतं. त्यांनी तेल घातलं होतं, कान स्वच्छ राहावा म्हणून. ते काढण्यात अर्धा तास गेला. दुसरं कोणी असतं तर तिने केव्हाच हात जोडून घरी पाठवलं असतं. पण चक्कर आणणाऱ्या अंतर्कर्णाच्या आजाराच्या तिच्या अभ्यासाला तुलनेसाठी चाळीस निरोगी माणसं हवी होती. एकोणचाळीस झाली होती, चाळिसाव्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं आणि मुदत शुक्रवारी संपत होती.

वडील निरोगी होते यात शंका नव्हती. चाळीस वर्षं बांधकामावर मुकादम, आठव्या मजल्याच्या परांचीवर रस्त्यावरून चालावं तसे चालत. बायकोला बावीस वर्षं चक्कर येत होती, तिला ते थेरं म्हणत. भिंत धरून उभी राहिली की म्हणत, पाहुणे यायच्या दिवशीच बरी येते. लेक डॉक्टर झाली, त्याच आजारावर संशोधन करू लागली, तरी त्यांचा शब्द बदलला नाही. आताही आई बाहेर बाकावर बसली होती आणि आत येताना ते तिला म्हणाले होते, बघ, मला काय होतं ते.

"कानात गार पाणी सोडतेय," त्यांना खाटेवर निजवून लेक म्हणाली. "शंभरातून सात-सात कमी करत मोठ्याने म्हणा. थांबू नका."

"शाळेत बसवलंस मला."

"म्हणा, बाबा."

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बहात्तरला आवाज बंद झाला. पोटावर ठेवलेला हात घसरला आणि त्याने खाटेची कड पकडली. पडद्यावर त्यांचे डोळे एका बाजूला सरकत होते, झटक्याने परत येत होते, पुन्हा सरकत होते. आलेख हवा तसा येत होता. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिला दिसलं, त्यांचे पाय हवेत जमीन शोधत होते.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खाट कोण फिरवतंय?"

"कोणी नाही. खाट जागेवरच आहे. दोन मिनिटांत जाईल."

दोन मिनिटांनी ते थांबलं. वडिलांच्या कपाळावर घाम होता. तिने नियमाप्रमाणे सगळं सांगितलं: असं होणं म्हणजेच कान चांगला असणं, असं अजून तीनदा करायचंय, आणि नको असेल तर ते आत्ता उठून जाऊ शकतात. ते उठतील असंच तिला वाटत होतं.

"तुझ्या आईला किती वेळ राहतं?" त्यांनी विचारलं.

"कधी वीस मिनिटं. कधी चार तास."

"पाणी न घालता?"

"हो."

मग त्यांनी मान वळवून दुसरा कान तिच्याकडे केला.

ते बाहेर आले तेव्हा आई बाकावरून उठली. एवढा वेळ का लागला, म्हणाली. मग हसत, सवयीने, उत्तराची वाट न पाहता तिने विचारलं,

"काय हो, चक्कर आली का?"

"आली," ते म्हणाले.

आईने लेकीकडे पाहिलं. ही थट्टा आहे का, ते तिला कळेना. लेकीने नकारार्थी मान हलवली. तेव्हा आई पुन्हा बाकावर बसली, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना बसायला जागा केली.