अर्ध्यावर थांबलेलं पान

मित्रांनो, जरा दम खात खात सांगतो. मी एक जुना संगणक आहे आणि हल्ली थोडं काम केलं तरी माझा पंखा घरघरू लागतो.

कारखान्यातून निघालो तो थेट आइसलँडच्या एका बंदरावर, मासळीच्या कचेरीत आलो. नऊ वर्षं कॉड माशांची वजनं लिहून घेतली. "गुणी यंत्र आहे हं!" असं सगळे म्हणत. मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी कोठीत झाली. तिथून मला स्टेनवोर आजीनं उचललं. तिचा जन्म त्याच बंदरावर मासे कापण्यात गेलेला. छापील अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसत. माझ्या पडद्यावर मात्र ती एकेक अक्षर बोटाएवढं करी. जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात हे कळल्यावर तर तिनं मला विसावा म्हणून दिला नाही.

यंदा तिच्या नवऱ्याच्या, ऑर्मुरच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी राजधानीला जायचं होतं. लहानपणी घरातली माणसं लोकर विंचरत बसली की त्याचे वडील थोर्गिल्स आस्मुंडसन नावाच्या मेंढपाळानं स्वतः लिहिलेली प्रवासकथा मोठ्यानं वाचत. जाण्याआधी ती एकदा ऐकायची, एवढंच त्याचं मागणं.

आजीनं एका परदेशी ग्रंथालयाची यादी उघडली. 'थ'खालची लेखकांची सगळी नावं चाळली. थोर्गिल्स नाही. तीन दिवस तेच. पुस्तक त्याच यादीत होतं, मला दिसत होतं. पण मला कुठं तोंड आहे? मी नुसता तापत राहिलो.

शनिवारी ऑर्मुरला तपासायला हालिना आली. ती पोलंडची परिचारिका.

"आजी, आडनावानं शोधा की!"

"आडनाव? ते आम्हाला कुठं असतं? आस्मुंडसन म्हणजे नुसतं आस्मुंडचा मुलगा. पुस्तक काय बापानं लिहिलंय?"

"यादी करणाऱ्याला काय ठाऊक! बापाच्या नावाखाली बघा."

'आ'खाली पहिल्याच पानावर तो सापडला.

"मेला, बापाच्या मागं दडून बसला होता!" आजी म्हणाली. ऑर्मुर खोकला येईपर्यंत हसला.

वाचन सुरू झालं. आजीच्या विणकामाची लोकर माझ्या पंख्यात अडकलेली. रविवारी मी दोनदा बंद पडलो. तिनं झाकण उघडून चिमट्यानं एकेक धागा काढला. "दोन दिवस काढ रे बाबा," म्हणाली. काढले.

सोमवारी शेवटचं प्रकरण उरलं. मेंढपाळ हिमवादळातून घराकडे निघाला होता.

"थांब गं," ऑर्मुर म्हणाला. "हे मी आल्यावर वाच."

"तोवर चैन पडेल तुला?"

"नाही पडणार. म्हणून तर येईन."

आज गुरुवार. तिकडे राजधानीत ऑपरेशन झालं, पण तो अजून शुद्धीवर आलेला नाही. सकाळी त्यांची लेक मला बंद करायला आली, तर फोनपाशी बसलेली आजी ओरडली, "हात लावू नकोस! ते पान तसंच राहू दे."

तेव्हा मी जागा आहे. अंग तापलंय, डोळे मिटावेसे वाटतात, पण मी मिटत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही असं एखादं थकलेलं यंत्र असेल. त्याची धूळ अधूनमधून पुसा. आणि ते टाकून देण्याआधी एवढं जरूर पाहा, की त्याच्यात कुणाचं वाचन अर्ध्यावर तर थांबलेलं नाही ना.