ढलपी

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या बाईंना एका सकाळी गाळणीला गाळणी म्हणतात हे आठवेना. हातात चहाचं भांडं, समोर ती वस्तू, आणि शब्द गायब! मिनिटभराने तो आपसूक आला, पण मनातली धास्ती काही जाईना. त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आता ती बाईंनाच "आपण कोण?" म्हणून विचारते.

तेवढ्यात विद्यापीठाची जाहिरात दिसली. माणसं शब्द कसे ओळखतात याच्या प्रयोगासाठी पन्नाशीपुढचे लोक हवे होते. बाईंनी नवऱ्याला शिंप्याकडे जाते म्हणून थाप मारली आणि तिथे गेल्या.

खोली कसली, खोकंच ते! एक टेबल, एक पडदा, दोन बटणं. संशोधक मुलगी म्हणाली, "मावशी, दिसेल तो शब्द खरा असेल तर हिरवं दाबा, बनावट असेल तर लाल. पटापट, पण चुकू नका."

'कपाट', हिरवं. 'मुसाळ', लाल. 'ढलपी', हिरवं.

पडद्यावर 'चूक' उमटलं.

नसलेले शब्दही आपल्याला असल्यासारखे वाटायला लागले? पुढे बाई प्रत्येक शब्द दोनदा वाचायला लागल्या. 'उंबरठा' आला, तर त्यावरही त्या घुटमळल्या. तास संपेपर्यंत पदर घामाने भिजला होता.

"किती चुकले मी? खरं सांग."

"एकट्या माणसाचं यातून काही कळत नाही, मावशी. आम्ही पुष्कळ लोकांची सरासरी काढतो. वयाने वेग जरा कमी होतोच."

"पण ढलपी शब्दच नाही?"

"नाही ना. अक्षरं फिरवून कॉम्प्युटरने बनवलाय."

"अगं, माझे वडील सुतार होते! पटाशीने लाकूड तासलं की उडते ती ढलपी. घरभर पडलेल्या असायच्या, अनवाणी चाललं की टोचायच्या."

मुलीने शब्दकोश उघडला. बोट ओळीवर थांबलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आहे की हो! आणि सव्वीस जणांना मी चूक ठरवून बसलेय. आता सगळ्यांच्या निकालातून हा शब्द काढावा लागेल. सर माझी हजामतच करणार."

दोघीही हसल्या. मग बाईंनी, आधी कुणालाच न सांगितलेलं, गाळणीचं आणि बहिणीचं तिला सांगून टाकलं. मुलीने शब्दकोश मिटला.

"खोटा धीर नाही देत, मावशी. एक शब्द तुम्हाला माहीत होता, एवढंच मला कळलं. बाकीचं डॉक्टरांना विचारा. आणि एकट्या जाऊ नका."

जिन्यातच बाईंनी नवऱ्याला फोन लावला. "मी शिंप्याकडे नाही गेले."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिथेच थांब. मी येतो."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तासभर तपासलं. बाईंनी नवऱ्याचा हात सोडला नाही. "आत्ता तरी तसं काही दिसत नाही," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी परत दाखवा."

भीती गेली नाही. पण त्या रात्री कित्येक दिवसांनी बाईंना झोप लागली, आणि बाजूला नवरा मात्र टक्क जागा होता.