हलवायचं नाही

आमचे हे परतूरच्या कापसाच्या जिनिंगवर रात्रीचे राखणदार, म्हणून झोपतात दिवसा. झोपतात कसले, घोरून घरावरचे पत्रे हलवतात. घोरणं परवडलं, भीती ते थांबतं तेव्हाची. छाती नुसती धडपडते, श्वास येत नाही. मग मी खांदा धरून गदागदा हलवते. सहा वर्षं माझ्या दुपारी अशाच गेल्या.

त्यात ह्यांचे हात वाढत गेले. अंगठी कापून काढावी लागली, चप्पल दोन नंबरांनी मोठी झाली, जीभ तोंडात मावेना. जालन्याच्या गंधाली डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या खाली एक गाठ आहे, ती अंग वाढवणारा रस सोडते. ऑपरेशन करायचं, पण झोपेत श्वास किती थांबतो ते आधी कळायला हवं, नाहीतर भूल जिवावर बेतेल. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, असं यंत्र त्यांनी घरी दिलं.

रिपोर्ट आला, त्रास किरकोळ. डॉक्टरांनी ह्यांची जीभ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बेबीनंदाताई, हे झोपले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"उशालाच की. श्वास थांबला की बराबर हलवत होते." मी अगदी ताठ मानेनं सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पुन्हा करू. या वेळी हलवायचं नाही."

"आन् श्वास न्हाई आला मंग?"

"तुम्ही बाजाराला जाता, तेव्हा येतोच ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. घोरणं थांबलं. वीस मोजले, तीस मोजले. ओठ काळेनिळे पडले. चाळीसला माझा हात सुटून त्यांच्या खांद्यापाशी गेला. तो ओढून मी दातात धरला. डॉक्टरांचा, यंत्राचा, माझा स्वतःचाच संताप आला. ह्यांना जगवायचं एवढं एकच काम मला येत होतं, तेच करायचं नव्हतं. पंचावन्नला श्वास आला, विहिरीत बुडालेला माणूस वर यावा तसा. मी डोळे पुसते तोवर पुन्हा थांबला. पुढं पुढं मोजायचं त्राणच राहिलं नाही.

पाच वाजता हे उठले. मी हातावरचे दातांचे वळ पदराखाली झाकले.

"आज लई दिवसांनी झोपू दिलं तू," हे म्हणाले. "रोज असंच करत जा."