फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, डोंगरकड्याच्या शाळेतला. जुना म्हटलेलं मला खपत नाही, पण आहे खरा जुना. निजामाच्या राज्यात संतराम सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला केलं आणि कोळसा चोपडून काळं केलं. पोरं माझ्यासमोर बसून दिवसभर घोकायची. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं अन् मलाही. नुसता वैताग.

मग व्यंकटराव मास्तर आले. त्यांनी माझ्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली : 'दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहिणे.' काय सांगू, वर्गाचा नूरच पालटला. कुठवर जायचं ते कळलं, की लेकरं आपणहून झटतात. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या नीलाने तर दसऱ्यालाच माझ्यावर नाव लिहिलं. मला कोण आनंद झाला!

पण दुसऱ्या दिवसापासून ती येईना. मास्तर तांड्यावर जाऊन तिच्या बापाला, सेवाला, शाळेत घेऊन आले.

"काहून पाठवत न्हाई पोरीला?"

"तुमीच लिवलं व्हतं म्हने, नाव यावं. आलं की. शाळा झाली तिची."

मास्तर माझ्याकडे वळले. चूक त्यांचीच होती, पुढची ओळ लिहायची राहिली होती. त्यांनी खडू उचलला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, 'पुस्तकातली एक गोष्ट न अडखळता वाचणे.'

"म्हंजे अजून हाय तर," सेवा म्हणाला. "उद्या धाडतो."

नीला परत आली. अडखळत का होईना, वाचू लागली. तेवढ्यात अठ्ठेचाळीस सालची रझाकारांची धामधूम उठली. शाळा बंद पडली, मास्तर वऱ्हाडात निघून गेले. बंद खोलीत ती ओळ अन् मी. एकटेपणा काय असतो, ते मला विचारा.

एका दुपारी कडी वाजली. नीला होती. पुस्तक उघडून तिने अख्खी गोष्ट मला वाचून दाखवली. कुठेच अडखळली नाही. मग ओढणीने ती ओळ पुसली आणि मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "आता पुढं काय, मास्तर?"

माझ्यावर लिहिता येतं, मला लिहिता येत नाही. पोर कडी लावून निघून गेली.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल. पण लेकराचं एक शिकून झालं, की पुढचं सांगायला कुणीतरी हवं. व्यंकटराव मास्तर कुठे भेटले तर सांगा, नीलाला गोष्ट आली. कोपरा रिकामा आहे.