कोरडी सुई

ताईने धाकट्या भावाला आपल्या हाडांतला मगज दिला, त्याला आज एकतिसावा दिवस. पण त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी औषधालाही सापडत नव्हत्या. मगज घेताना तो हसला होता, तुझा तापटपणा माझ्या हाडांत नाही आला म्हणजे मिळवली म्हणून. आता काचेपलीकडे तापाने फणफणत पडला होता. भावजय आठवडाभर टोमणे मारत होती, देणाऱ्याचं मनच नसेल तर लागू कसं पडायचं! एरवी ताई कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण गप्प राहिली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसवून घेतलं. ताईच्या पेशी अस्सल आहेत म्हणाल्या. पण त्या आत जातात तान्ह्या. त्यांना वाढवायचं, रोगाशी लढायला शिकवायचं, ते मगजाने. याच्या मगजात नुसते जाड धागे माजलेत. लेकरं धडधाकट, पण सांभाळणारं घरच नाही, मग ती जगणार कशी? धागे आत्ता मगजाआधी दिलेल्या जहरी औषधांनी झाले असतील तर विरतील, ताईकडून पुन्हा मगज घेता येईल. त्याहून जुने असतील, तर दुसरा मगजही वाया जाईल, आणि दुसऱ्यांदा ते जहर त्याला झेपणार नाही.

भावजयीने ताईचा हात धरला. चुकलं माझं म्हणाली, पुन्हा द्याल ना म्हणून रडली.

याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ताई वीस वर्षं तपासणीच्या काचपट्ट्या रंगवत होती. नात्यातल्याचा नमुना हाताळायचा नाही हा नियम, पण मगज देण्याआधी भावाचा तिने हट्टाने मागून घेतला. तेव्हा त्याच्या हाडातून मगज ओढायला घातलेली सुई कोरडीच आली होती. म्हणून तिने हाडाच्या तुकड्याला खास रंग दिला, आणि धागे लख्ख दिसले. वर कळवलं असतं तर आधी त्यांच्यावर उपचार, महिनोन्‌महिने वाट. तेवढा धीर कुणाला होता? माझा मगज गेला की सगळं ताळ्यावर येईल, असं वाटलं तिला. मोठी शहाणी! तुकडा अपुरा आहे असं लिहून ती मोकळी झाली.

आताही गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण मग त्याला ते सगळं पुन्हा सोसावं लागलं असतं, फुकट.

"धागे जुनेच आहेत," ती म्हणाली. "मी पाहिले होते. लपवले."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. भावजयीला समजायला वेळ लागला.

"म्हणजे आता काहीच नाही?"

"काहीच नाही," ताई म्हणाली.

"मग आत जाऊन तुम्हीच सांगा त्याला," भावजय म्हणाली. "तो तुमची वाट बघतोय."