दवाखान्यात जाऊन आलेला खल

मित्रांनो, मला आज गप्प बसवत नाही! मी एक जुना पितळी खल. पण तुमच्या घरातलं कुठलंही भांडं जिथे गेलं नसेल, तिथे मी जाऊन आलोय. थेट डॉक्टरांच्या टेबलावर! पण सगळं नीट सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर माझा बत्ता रुसेल.

आम्हा दोघांना एकाच ओताऱ्याने घडवलं. वैद्यमावशींनी आम्हाला विकत घेतलं आणि झाडपाल्याच्या औषधांच्या आपल्या दुकानात दाराजवळच्या पाटावर बसवलं. काय ते दिवस! कुटायला लागलो की अख्खी गल्ली दणाणायची. एक आजोबा तर म्हणायचे, "याचा आवाज ऐकूनच माझी निम्मी कंबर बरी होते." माझी छाती अशी फुगायची म्हणून सांगू! मग मिक्सर आला आणि मी फळीवर गेलो. माझ्या पोटात किल्ल्या, सुटे खिळे आणि एक मोडका चष्मा पडून असायचा. फार वाईट वाटायचं. पण मिक्सरमध्ये मुळ्या तापून त्यांचा वास बिघडायला लागला, तेव्हा मावशींनी मला घासूनपुसून पुन्हा पाटावर बसवलं.

मावशी मायाळू, पण हट्टी. त्यांच्या दुकानात डॉक्टरी औषधाचं नाव काढायची सोय नव्हती. नाव काढलं की त्या म्हणायच्या, "मग तिकडेच जा की!" पलीकडच्या रस्त्यावरचे डॉक्टरही काही कमी नव्हते. झाडपाला म्हटलं की ते नाक मुरडायचे. त्यामुळे लोक दोघांकडचं औषध घ्यायचे आणि दोघांनाही ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

अशात मावशींची भाची वरच्या खोलीत राहायला आली. ती छापखान्यात रात्रपाळी करायची. दिवसा झोप आणि रात्री जाग, असं करता करता तिच्या शरीराचं घड्याळच उलटं फिरलं. रजा घेतली तरी रात्री डोळ्याला डोळा लागेना. त्यात मन खचलं. केस विंचरायलाही तिचा हात उठत नसे. एकदा ती मावशींना म्हणाली, "मला कशाचंच काही वाटत नाही गं. रडूसुद्धा येत नाही."

तिच्या मनाने उभारी धरावी म्हणून मावशींनी एक मुळी निवडली. तिचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर तुम्ही उद्या घरी कुटायला बसाल! मीही जीव ओतून तिचं चूर्ण केलं. आम्हाला कुठे माहीत होतं, की भाची पलीकडच्याच डॉक्टरांनी मनासाठी दिलेल्या गोळ्याही उशीखाली लपवून घेते आहे!

एका दुपारी ती जिना उतरून आली ती थरथरतच. घामाने चिंब, छाती धडधडतेय, शब्द अडखळताहेत. कठडा धरून ती कशीबशी म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत."

घाबरलेल्या मावशींना रोजच्या मुळीचं नाव आठवेना. माझ्या तळाशी चूर्ण उरलं होतं. त्यांनी सरळ मलाच बगलेत मारलं, भाचीला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात जाऊन मला डॉक्टरांच्या टेबलावर धाडकन ठेवलं!

"हे मी दिलंय. मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी हिला बघा!"

डॉक्टरांनी चूर्ण बोटावर घेऊन हुंगलं आणि मुळी कशी दिसते ते विचारलं. खूण सांगता सांगता मावशींना नावही आठवलं. डॉक्टर गंभीर झाले. "गोळी आणि ही मुळी एकत्र अंगाला झेपत नाही. बरं झालं खलच उचलून आणलात." मग त्यांनी धावपळ करून भाचीला मोठ्या दवाखान्यात देखरेखीखाली ठेवलं. ती सावरल्याचं कळलं तेव्हा मावशी मला कवटाळून रडल्या.

मग मावशी आणि डॉक्टर समोरासमोर बसले. मी मध्ये! मुळी कायमची बंद. गोळ्या चालू, आणि त्या डॉक्टरांना न विचारता सोडायच्या नाहीत. रात्रपाळी बदलून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "सकाळचा उजेड मिळायला हवा हिला, अगदी रोज."

"मग बसू दे की माझ्या दारात कुटायला!" मावशी म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "बसू दे. पण काय कुटतेय ते आधी मला सांगा." मावशींनी एका साध्या पाल्याचा काढा सुचवला. डॉक्टरांनी पुस्तकं चाळली, चार ठिकाणी विचारलं आणि मगच मान हलवली.

आणि काय सांगू! रोज सकाळी कोवळ्या उन्हात भाची मला घेऊन बसू लागली. आधी बत्ता उचलवत नव्हता तिला. हळूहळू ठेका धरू लागली. मधूनच वाईट दिवस यायचे, पण तेही सरायचे. एकदा तिचा नेम चुकून पाला उडाला आणि मावशींच्या केसांत जाऊन बसला. भाची हसली! इतक्या महिन्यांनी हसली!

काल संध्याकाळी मावशी मोठ्या मागणीचं चूर्ण कुटायला बसल्या होत्या. बत्ता वर उचलला, तेवढ्यात जिन्यावरून हलकंसं घोरणं ऐकू आलं. बाहेर दिवे नुकतेच लागले होते आणि भाची गाढ झोपली होती. मावशींनी बत्ता अलगद खाली ठेवला. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर त्या ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "उद्या या. आज कुटणं बंद."

मित्रांनो, गल्ली दणाणून सोडणारा मी, काल गप्प राहिलो आणि आनंदाने नुसता थरारलो! एवढंच ऐका माझं: औषध झाडाचं असो की डॉक्टरचं, लपवून घेऊ नका. तुमच्यासाठी कुटणाऱ्याला आणि लिहून देणाऱ्याला, दोघांनाही खरं सांगा. आणि हो, आता जरा हळू बोला. वर पोर झोपली आहे.